जत्रेतला एक रुपया

अलिबागच्या पोस्टात तार आली की तारमास्तर ती पाकिटात घालून वाटणाऱ्याच्या हातात देतात. आत काय आहे ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे. त्या दिवशी मास्तरांनी पाकीट दिलं, पण माझा हात सोडला नाही. म्हणाले, "हिराजी, वकिलांच्या घरची आहे. सायकल नको घेऊस, चालत जा." मी काय ते समजलो. वकीलसाहेब दोन महिने मुंबईला भावाकडे औषधपाण्यासाठी होते आणि काकू इथे एकट्याच. बाजारातून त्यांच्या घरापर्यंत पाच मिनिटांची वाट, ती मी अर्ध्या तासात संपवली. आयुष्यभर मला सगळे 'पळणारा हिराजी' म्हणत आले, पण त्या दिवशी पाय उचलेना. काकूंनी ओटीवरूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "तू चालत आलास म्हणजे झालंच ना रे..." पाकीट त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

याला आता पाच आठवडे झाले. वामनराव वकिलांबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत कुणीतरी लिहायला हवं, असं कोर्टातले चार लोक म्हणत होते. त्यांच्यात बी. ए., एल्‌एल्‌. बी. पुष्कळ आहेत, पण लिहायची वेळ आली तसे सगळे माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. मी चौथी पास, थळचा आगरी, पूर्वीचा टपालाचा हरकारा आणि आताचा पोस्टमन. चुका असतील त्या संपादकांनी सुधाराव्यात. मजकुराला मात्र हात लावू नये.

वकीलसाहेब कोर्टात दिवाणी दावे चालवायचे, पण त्यांचा जीव होता शर्यतींत. जिल्ह्याच्या हौशी खेळाडूंच्या मंडळाचे ते चिटणीस होते. मंडळ म्हणजे काय, तर ते स्वतः, एक टेबल, एक घड्याळ आणि नियमांचं पुस्तक. ते पुस्तक त्यांनीच इंग्रजीवरून मराठीत उतरवलं होतं. मैदान नव्हतंच, आमचं मैदान म्हणजे समुद्र. ओहोटीला पाणी हटलं की खालची वाळू फरशीसारखी घट्ट होते, तिच्यावर खुंट्या ठोकून काथ्या बांधायचा की झाली धावपट्टी. म्हणून आमच्या शर्यती नेहमी त्रयोदशीला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या सुमाराला, म्हणजे चार वाजता वाळू आपलीच. मुंबईच्या वरच्या मंडळाने एकदा हट्टाने रविवार नेमून दिला. वकीलसाहेबांनी दोनदा कळवलं की त्या दिवशी चतुर्थी आहे. पण साहेब लोकांच्या पंचांगात तिथी कुठली! पाहुणे आले, खुर्च्या मांडल्या, तीन वाजता शर्यतीची शिट्टी वाजायची तर पाणी खुर्च्यांच्या पायांना लागलेलं. वकीलसाहेब धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे, आणि अगदी गंभीर तोंडाने पाहुण्यांना म्हणतात, "पोहण्याच्या शर्यतीचे नियम मी आणले नाहीत, क्षमा असावी." आम्ही हसून हसून मेलो.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती रेवदंड्याच्या वाटेवर. त्या वेळी मी अलिबागहून चौलपर्यंत टपालाची पिशवी नेत असे, हातात घुंगरांची काठी आणि डोक्याला फडकं. चौलला दुसरा गडी पिशवी घेऊन पुढे जाई. एकदा वकीलसाहेब नागावच्या एका अशिलाकडून दमणीत बसून परतत होते आणि मी त्यांच्या बैलांना मागे टाकून गेलो. दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पायरीवर हजर! म्हणाले, "तुझी वेळ घ्यायची आहे." मला वाटलं, माझ्याविरुद्ध अर्ज झाला. "काय चुकलं साहेब?" म्हणून मी हात जोडले. ते घड्याळ काढून म्हणाले, "चुकलं काही नाही. ये, वाळूवर पळून दाखव." मी पळालो. ते घड्याळाकडे बघत राहिले, मग घड्याळ कानाला लावून ते चालतंय ना हे पाहिलं. तो चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. त्या दिवसापासून त्यांनी मला सोडला नाही.

मुंबईच्या तीन मैलांच्या शर्यतीत मला उतरवायचं त्यांनी ठरवलं आणि तिथेच नियम आडवा आला. हौशी खेळाडू म्हणजे ज्याने धावण्याबद्दल कधी पैसा घेतला नाही तो. मुंबईहून पत्र आलं की हा मनुष्य धावण्याचा पगार घेतो, सबब तो धंदेवाईक. झालं! वकीलसाहेबांना तर जसा हायकोर्टातला दावा मिळाला. चार महिने पत्रं चालली. ओटीवर मला समोर बसवून ते प्रत्येक पत्र वाचून दाखवत. "पोस्ट खातं हिराजीला पत्रं पोचवण्याबद्दल पगार देतं. तो बैलगाडीतून वेळेत पोचला तरी पगार तोच. धावतो ती त्याची स्वतःची हौस." मी म्हटलं, "पन उशीर झाला त दंड कापतात ना साहेब." ते म्हणाले, "तेही लिहिलंय मी. दंड उशिराचा आहे, चालण्याचा नाही." आपल्याला अडचणीची असलेली गोष्ट ते आधी लिहीत आणि मग वाद घालत. मला तो शुद्ध वेडेपणा वाटे. पण चार महिन्यांनी मुंबईने मान्य केलं! काकूंनी त्या दिवशी मला ओटीवर पाट मांडून पोळी वाढली. वकीलसाहेबांनी माझ्या अर्जावर सही केली, 'या इसमाने धावण्याबद्दल कधीही रोख बक्षीस घेतलेले नाही.' मला विचारलंही नाही. इतके ते आनंदात होते.

मिठाच्या चळवळीच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही रेवसहून बोटीने निघालो. मी कोऱ्या सदऱ्यात, छाती फुगवून बसलेला. बोटीवर कुणीतरी विचारलं, काय रे, कधी शर्यत मारलीयस का? मी म्हटलं, मारलीय म्हणजे काय, आमच्याकडच्या देवीच्या जत्रेत देवळापासून समुद्रापर्यंत आणि परत, पैला आलू मी! आमच्या जत्रेची रीत अशी की पहिल्या आलेल्याला पाटील नारळ देतो, फेटा बांधतो आणि फेट्याच्या घडीत एक चांदीचा रुपया खोचतो. जिंकणारा नारळ घरी नेतो आणि रुपया देवीपुढे ठेवतो. ठेवलाच पाहिजे असं नाही, पण सगळे ठेवतात.

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. अगदी हळू विचारलं, "तुझं वय काय होतं तेव्हा?"

"दोन वर्षं झाली. वीस असंल."

"आणि तो रुपया देवीला वाहिलास ना, हिराजी? सगळे वाहतात."

आज लिहिताना कळतं की तो माणूस मला वाट करून देत होता. 'व्हय' म्हटलं असतं तर रुपया देवीचा झाला असता आणि मी हौशीचा हौशी राहिलो असतो. पण मला कुठली एवढी अक्कल! मी हसत हसत म्हटलं, "न्हाय, आयला दिला. तिला लुगडं नव्हतं." ते मुंबईचा धक्का येईपर्यंत पाण्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेल्या गेल्या ते पंचांच्या टेबलाशी गेले आणि माझं नाव त्यांनी स्वतः मागे घेतलं. आपण खोट्या मजकुरावर सही केली असंही लिहून दिलं. एक पंच भला होता. तो म्हणाला, "अहो, जत्रेतला एक रुपया, कुणाला कळणार आहे?" वकीलसाहेब म्हणाले, "मला कळलंय ना." मी दोरीच्या बाहेर उभा राहून शर्यत पाहिली. पहिला आलेला गडी माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याची धाप मला ऐकू आली. पार दमला होता तो. मी त्याला गिळला असता! परतीच्या बोटीवर मी त्यांना एवढंच म्हणालो, "माज्या आयचं लुगडं तुमाला खुपलं." त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

दोन वर्षं टाकलं. त्यातच रेवदंड्याच्या वाटेवर मोटार सुरू झाली, टपाल मोटारीतून जायला लागलं आणि मला गावात पत्रं वाटायला दिलं. म्हणजे रोज त्यांच्या दारात जाणं आलं! मी पत्रं ओटीवर टाकायचा आणि पाठ फिरवायचा. ते आतून "हिराजी, पाणी घे" म्हणायचे. मी घेतलं नाही. काकूंच्या हातचं घेतलं, त्यांच्या हातचं नाही. एवढा राग कशाला धरला होता मी? त्यांनी मला फसवलं असतं तर समजलो असतो. पण ते बरोबर होते आणि तेच मला सोसत नव्हतं.

एका त्रयोदशीला मी वाळूवर एकटाच पळत होतो. पळणं काही सुटलं नव्हतं. वळून येतो तर वकीलसाहेब पायातल्या वहाणा हातात घेऊन उभे. म्हणाले, "वेळ घेऊ का?" मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही, पुन्हा पळालो. त्यांनी वेळ घेतली. मग दर त्रयोदशीला ते येऊ लागले. हळूहळू बोलणंही सुरू झालं. भाताचं, पोरांचं, मुंबईच्या मंडळातल्या भांडणांचं. कितीतरी वर्षं हे चाललं. रुपयाचा विषय मात्र आम्ही दोघांनीही काढला नाही. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं की साहेब, माझा राग गेला. तो पुरता गेला नव्हता म्हणून म्हटलं नाही, आणि आता...

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं आणि एक जाड पाकीट हातात दिलं. आत माझ्याच नावाचे अर्ज. 'सदर इसमास क्षमा करून पुन्हा हौशी म्हणून दाखल करून घ्यावे.' दर वर्षी एक. ज्या दोन वर्षांत मी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही, त्या वर्षांतलेसुद्धा. प्रत्येकाला मुंबईचं उत्तर टाचलेलं, अर्ज नामंजूर. मुंबईच्या मंडळाची ती लांब पांढरी पाकिटं मला चांगली आठवतात. मीच ती ओटीवर टाकली होती, एक न एक. नामंजुरीचं कारण दर वेळी तेच. नियम असा की बक्षीस घेताना खेळाडू सोळा वर्षांच्या आतला असेल तरच क्षमा करता येते. अर्जात 'त्या वेळचे वय' असा रकाना आहे आणि त्यात वकीलसाहेब दर वर्षी न चुकता लिहीत आले होते, वीस. सोबत दोन-दोन पानांचा युक्तिवाद, की नियमच कसा चुकीचा आहे, की ज्याच्या आईला लुगडं नाही त्याच्याकडून देवीलाही रुपया नको असतो.

सगळ्यात वर यंदाचा अर्ज होता. अक्षर हललेलं, पण सगळं भरलेलं. फक्त वयाचा रकाना कोरा.

काकू म्हणाल्या, "मुंबईला जायच्या आधी तीन दिवस तो कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मी म्हटलं, पुरा करा की. तर म्हणाले, ही एक जागा हिराजीने भरावी. पहिल्या वेळी सही करण्याआधी मी त्याला विचारायला हवं होतं, तेव्हा विचारलं नाही."

मंडळाचे नवे चिटणीस तरुण वकील आहेत, मनाने चांगले. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "हिराजी, चौदा लिही. तुझा जन्म कुणी नोंदलाय? आधीचं वीस अंदाजाने लिहिलं होतं, असं कळवू. मी सही करतो. तुझ्या पायांत अजून दम आहे, या वर्षी मुंबईला पळून घे एकदा." खोटं कशाला सांगू, मन हललं. एकतीस वर्षांचा आहे मी. तीन मैल अजून कुणालाही भारी पडेन. दोरीच्या बाहेर उभं राहून ऐकलेली ती धाप अजून माझ्या कानात आहे आणि एकदा, फक्त एकदा, दोरीच्या आत पळावं ही इच्छा या वयातही मेलेली नाही. मी टाक शाईत बुडवून रकान्यावर धरला. चिटणीस म्हणाले, "अरे, आता कुणाला कळणार आहे?"

मी त्या रकान्यात वीस लिहिलं आणि अर्ज पोस्टात टाकला.

नामंजूर होणार हे मला ठाऊक आहे. ते लांब पांढरं पाकीट महिन्याभरात येईल आणि या खेपेला पत्ता माझा घातलाय, ते मलाच माझ्या घरी न्यावं लागेल. नेईन. पण वकीलसाहेब, ते दोन आकडे काढताना माझा सगळा राग गेला हो... आणि हे सांगायला मी तुमच्या दाराशी पोचलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की आत तुम्ही नाही.