ताटातलं नाव

परवा भाचीच्या लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नाव लिहायला बसला. गुरुजींनी विचारलं, “नवं नाव काय ठरलंय?” भाचीच म्हणाली, “आहे तेच.” बायकांत थोडी कुजबुज झाली.

मला मात्र पणजी आठवली. गेले कित्येक महिने मी तिच्या माहेरगावची जन्मनोंदींची जुनी दप्तरं चाळतेय. आमच्या घरात ती जानकी, म्हणून मी जानकीच शोधत राहिले. अशा कामाला चिकाटी लागते म्हणतात. मला आधी अक्कल हवी होती. जानकी हे नाव आम्ही तिला दिलेलं. ती त्या पानांवर असेलही, पण मी तिला सासरच्या नावानं हाका मारत होते. माहेरचं नाव सांगणारं आता कुणीच उरलेलं नाही.

माझं हे शोधाशोधीचं खूळ शेजारी बसलेल्या सुमतीकाकूंना ठाऊक आहे. नावाचे पेढे वाटून झाले, तशा त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या,

“माझं यमू होतं. लिहून ठेव.”