मडगार्डपुढची आई

आमच्या जुन्या पिकअपचं छोटं मॉडेल करतोय. दारं जमली, मागचा फाळका जमला. पुढच्या मडगार्डची गोलाई मात्र काही केल्या साधत नाही. किती वेळा पत्रा कापला आणि फेकला. मान आखडलीय, डोळे चुरचुरतात. गाडी केव्हाच भंगारात गेली. उरलाय एक फोटो, तोही बाजूने काढलेला, आणि त्यात नेमकी मडगार्डपुढे आई उभी. गाडीचा फोटो काढायचा म्हटलं की आमच्याकडे माणसंच पुढे उभी राहायची.

भिंगातून बघता बघता मी वैतागून पुटपुटलो, "आई, जरा सरक ना."

शेजारी भाजी निवडणारी बायको थबकली. आईला जाऊन बरीच वर्षं झालीत.

मग मीही थांबलो. आयुष्यभर ती सरकतच आली होती. पाहुणे आले की पलंगावरून खाली, याच पिकअपमध्ये पुढची जागा दुसऱ्याला देऊन मागे, पोत्यांवर. या एका फोटोत तेवढी ती ऐटीत उभी आहे, सगळ्यांच्या पुढे.

भिंग खाली ठेवलं. मडगार्ड राहू दे. ती नाही सरकायची.