कापून टाकलेलं भांडण

मागच्या श्रावणात आमच्या सोसायटीनं पार्किंगमध्ये पडदा लावून एक जुना मराठी सिनेमा दाखवला. त्यावरून मी अध्यक्षांशी भांडले, आणि जिन्यात अजून त्याची चर्चा चालते. चालू दे. एवढ्याशा गोष्टीचा केवढा तो बाऊ, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या संध्याकाळी माझ्या आईचा चेहरा पाहिलेला नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे जुळे सोलापुरात राहायला आली. तिचं माहेर मोहोळजवळचं, सासर मोडनिंबचं. वय आता ऐंशीच्या पुढं. अलीकडं तिला थोडं विसरायला होतं. गोळी घेतली का, गॅस बंद केला का, हे ती पुन्हा पुन्हा विचारते आणि विचारून झालं की स्वतःवरच चिडते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. पण तिला ते फार लागतं, कारण भावकीत कोण कधी बाळंत झालं इथपासून सगळं जन्मभर तिच्या तोंडावर असायचं.

सिनेमाचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी तिला तो वाचून दाखवला. पडून होती ती उठून बसली आणि म्हणाली, हा मला ठावं हाय.

सिनेमा काळा-पांढरा आहे. एका कोरड्या माळावरच्या गावातली विधवा बाई रोज संध्याकाळी देवळात सांजवात लावते. उत्सवासाठी कमळं आणायला तिचा एकुलता एक मुलगा तळ्यात उतरतो आणि बुडतो. ती बाई तशीच ओल्या लुगड्यानं देवळात येते आणि देवाशी भांडते. मागं वाद्यं नाहीत, मध्ये गाणं नाही, नुसता तिचा आवाज. देवाला ती नको नको ते बोलते. बोलून थकते, खाली बसते, आणि मग उठून वात सारखी करते. म्हणते, दिवा लावते, पण तुझ्यासाठी नव्हे, अंधारात कुणी ठेचकाळू नये म्हणून. सिनेमात चमत्कार म्हणून एवढाच. पुढं गाव तिच्या मागं येतं ते या एका वाक्यामुळं.

आईनं तो पहिल्यांदा मोहोळला तंबूत पाहिला, लहान मुलगी असताना, मातीत बसून. तेव्हा तिला त्या बाईची नुसती भीती वाटली होती. दुसऱ्यांदा पाहिला तो माझा धाकटा भाऊ तापानं गेला त्या वर्षी. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आईनं देवापुढं दिवा लावणं सोडून दिलं होतं. भेटायला येणारं प्रत्येक माणूस तिला समजवायचं, देवाची इच्छा, त्याला नावं ठेवू नयेत. आई ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही. रडायचीसुद्धा नाही. त्या वेळी शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर मराठी सिनेमा लागायचा आणि आम्ही शेजारच्या गुरुजींकडं बघायला जायचो. मीच हट्ट करून तिला ओढत नेलं होतं.

घरी आल्यावर ती सरळ देवाच्या फळीसमोर जाऊन उभी राहिली. मी चुलीजवळ होते. तिनं देवाला विचारलं, "माजं पोरगं तुज्या वाटंत आलं हुतं का रं?" मग कितीतरी वेळ ती बोलत राहिली. मोठ्या माणसाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तिनं दिवा घासला, लावला, आणि मग रडली. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी थापली, माझी वेणी घातली. आमचं घर त्या दिवसापासून पुन्हा घर झालं असं मी म्हणते, आणि त्याचं श्रेय मी कुठल्याही प्रवचनाला देत नाही, त्या सिनेमाला देते.

तेव्हा आता तो लागणार म्हटल्यावर आई हरखली यात नवल काय. तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, हयात सगळी मागावर टॉवेल-चादरी विणण्यात गेली. आईची त्यांच्याशी चांगली गट्टी आहे. त्यांची तरणी मुलगी गेलेली, आणि त्या हे कधी बोलत नाहीत. आई आठवडाभर त्यांना सांगत होती, गाण्याबिण्यासाठी न्हवं, त्या भांडणासाठी चला. भांडण कसं आहे हे तिनं त्यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्या हसून म्हणाल्या, आता सिनेमा बघायची गरजच नाही.

पार्किंग भरून गेलं होतं. पोरं सतरंजीवर, म्हाताऱ्या खुर्च्यांवर. अख्खं पार्किंग गप्प बसून तो सिनेमा बघत होतं, मोबाईलसुद्धा फारसे बाहेर आले नाहीत. मुलगा तळ्यात उतरला तशी आईनं आजींचा हात धरला. पाण्यावर कमळं तरंगताना दिसली, आणि पुढच्याच क्षणी ती बाई आरतीचं ताट घेऊन गात होती. कोरड्या लुगड्यात.

आई मोठ्यानं म्हणाली, "मधलं कुटं गेलं?"

अध्यक्ष लॅपटॉपजवळच माईक घेऊन उभे होते. ते हसतमुखानं म्हणाले, "आजी, सिनेमा एवढाच आहे. तुम्हाला दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमातलं आठवत असेल." काही जण हसले. वाईट हेतूनं नसतील हसले, पण हसले. आजींच्या हातातला हात आईनं हळूच काढून घेतला. लिफ्टमध्ये मला म्हणाली, मीच रचलं असंल, डोकं जाग्यावर न्हाय आता.

सकाळी चहाचा कप तिच्यासमोर तसाच गार झाला होता. तिनं मला विचारलं, "तुजा भाऊ तरी खरंच गेला हुता का गं, का ते बी मीच रचलं?"

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. मी तिला जवळ घेतलं, होता गं होता, म्हटलं. मग मोबाईलवर शोधायला बसले. सिनेमा पूर्ण सापडला. भांडण जागच्या जागी होतं, आईनं सांगितलेल्या शब्दांसकट. मी तिला ते लगेच दाखवलं. तिनं पाहिलं, मान हलवली, पण एवढंच म्हणाली की तितं समद्यांपुढं मी येडी ठरले की.

मी तशीच अध्यक्षांच्या दारात गेले. माणूस वाईट नाही, हे मला सांगायलाच हवं. उन्हाळ्यात टँकरसाठी तेच पळतात, कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी काढतात. त्यांनी मला बसवलं, चहा विचारला, आणि मी मोबाईल पुढं धरला तेव्हा फारसे आढेवेढे न घेता सांगितलं की तो भाग त्यांनीच काढला. सोसायटीत लहान मुलं आहेत, सगळ्या प्रकारचे लोक आहेत, बाई देवाला शिव्या देते हे कुणी रेकॉर्ड करून पुढं पाठवलं तर भलतंच व्हायचं. श्रद्धेचा सिनेमा आहे, लोकांनी चांगलं काहीतरी घेऊन घरी जावं, असं ते म्हणाले.

मी विचारलं, चांगलं म्हणजे काय? पोर बुडाल्यावर आई ताट घेऊन गाते, हे चांगलं? मग ती श्रद्धा आहे की तिला पोराचं काहीच नव्हतं? जिला देवावर रागावता येतं तिचाच देव खरा असतो. बाकीच्यांचा देव साहेबासारखा असतो, पुढंपुढं करण्यापुरता. तुम्ही तो सिनेमा गोड केला नाही, खोटा केला.

ते म्हणाले, ताई, तुम्ही फार मनावर घेताय.

"घेणारच," मी म्हटलं. "कापलं ते कापलं. पण आईला सगळ्यांसमोर खोटं का पाडलंत?"

एवढ्या लोकांत काय सांगणार होतो, असं काहीतरी ते पुटपुटले. घरी येऊन तुमच्या आईंना समजावून सांगतो म्हणाले. मी म्हटलं, घरी नको. जिथं बोललात तिथंच सांगा, आणि सिनेमा पुरता दाखवा.

आठवडाभर ग्रुपवर गदारोळ झाला. कुणी लिहिलं, म्हातारीचा हट्ट. कुणी लिहिलं, श्रावणात वाद नको. ज्यांनी कधी जिन्यातला दिवा बदलला नाही ते मला संस्कृती शिकवत होते. पण बऱ्याच बायकांनी मला वाटेत थांबवून हळूच विचारलं, त्या भांडणात नेमकं आहे तरी काय हो? पुढच्या शनिवारी पडदा पुन्हा लागला, तो या विचारण्यामुळं, माझ्या आरड्याओरड्यामुळं नव्हे.

अध्यक्षांनी माईक घेतला आणि सुरुवात केली, गेल्या वेळी काही तांत्रिक कारणामुळं... मी उभी राहिले. तांत्रिक नाही, म्हटलं. ते थांबले. मग म्हणाले, "तो भाग मी काढला होता. आजींना बरोबर आठवत होतं. मी खोटं बोललो."

सिनेमा सुरू झाला. ती बाई ओल्या लुगड्यानं देवळात आली आणि बोलायला लागली. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. एका पोरानं त्याच्या आईला विचारलं, ती देवावर का ओरडते, आणि त्याची आई म्हणाली, तिचं बाळ गेलं ना. पोराला ते पटलं. तळमजल्यावरच्या आजी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्या पडद्याकडं बघत तेलुगूत काहीतरी बोलत होत्या, त्या बाईच्या बरोबरीनं, तिच्यापेक्षा हळू आवाजात. मला एक शब्द कळला नाही. आईनं त्यांना थांबवलं नाही.

सिनेमा संपल्यावर आईनं अध्यक्षांना हाक मारून शेजारी बसवलं. त्यांची आई कधी गेली, कशानं गेली, सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून त्यांच्याकडं शेंगाची चटणी पाठवली. मी नाखुषीनं गेले. माझं तोंड बघून आई म्हणाली, "चुकलं, कबूल झालं, संपलं की. तू किती ओढशील?"

तिचं संपलं असेल. माझं नाही संपलं. कारण त्यांनी कापलेली ती प्रत अजून फिरते आहे. परवा विजापूर रस्त्याकडच्या एका सोसायटीनं ती कार्यक्रमासाठी मागून नेली. कळल्यावर मी त्यांना फोन केला, पूर्ण सिनेमा माझ्याकडं आहे, तो दाखवा म्हटलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, नको, हाच बरा आहे, आटोपशीर आहे. मी त्यांना कार्यक्रमाची वेळ विचारून घेतली.