आवाज थरथरत नाही, असा आक्षेप

माझ्या वहिनी टेलिफोन ऑपरेटर होत्या. एक्स्चेंजमधले हाताने जोडायचे बोर्ड गेले आणि यंत्रं आली, तेव्हा त्यांना बिलांच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. पण खिडकीवरची वर्षं त्या धरत नाहीत. कोणी विचारलं तर "मी ऑपरेटर" एवढंच सांगतात.

ऑपरेटरने कसं बोलायचं, हे त्यांना नोकरीच्या सुरुवातीला एका कडक सुपरवायझर बाईंनी शिकवलं होतं. श्वास घ्यायचा तर तोंड बाजूला न्यायचं. वाक्याच्या शेवटी आवाज पाडायचा नाही. हसू, राग, सर्दी, यांतलं काहीही तारेवर जाऊ द्यायचं नाही. गिऱ्हाइकाला पलीकडचा माणूस ऐकू आला पाहिजे, ऑपरेटर नाही. वहिनींच्या हे इतकं अंगात मुरलं की "भावजी, चहा घ्या" हेसुद्धा त्या "आपली तीन मिनिटं संपली" अशा आवाजात सांगतात. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बस डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणतो, "आमच्यात भांडण झालं की मला धाकधूक असते, आता ही लाइन तोडणार."

आमच्या बहिणीची मुलगी व्हिडिओ गेमच्या कथा लिहिते. तिची कंपनी म्हणजे बॅटऱ्यांच्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या, मूठभर तरुण मंडळी आणि त्यांच्याहून जरासाच मोठा असलेला मालक. तिने लिहिलेल्या 'लाइन चालू आहे' या गेममध्ये एक लाइनमन बंद पडलेल्या एक्स्चेंजमधल्या तारा काढून न्यायला जातो. तार कापायला पक्कड लावली की बोर्ड वाजतो आणि कधीच मेलेली एक ऑपरेटर विचारते, "कोण हवंय?" गेलेल्या माणसांचे फोन जिवंत माणसांना जोडून द्यायचं काम ती अजून करते आहे. कोणता फोन जोडायचा आणि कोणता तोडायचा, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. त्या ऑपरेटरचा आवाज वहिनींचा. माडीवर एका कपाटाला आतून गाद्या लावून त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केली होती. वहिनी त्यात जाऊन बसत आणि एका दमात पानंच्या पानं म्हणून बाहेर येत. चुका जवळपास नाहीतच.

गेममधला एक प्रसंग भाचीने वहिनींच्या आयुष्यातून उचलला होता. विचारून उचलला होता. वहिनी बोर्डावर असताना एकदा त्यांच्या माहेरून ट्रंक कॉल आला. फोन करणारे त्यांचे मामा. त्यांना डेपोचा नंबर हवा होता. वहिनींनी मामांचा आवाज ओळखला, मामांनी वहिनींचा ओळखला नाही. "थांबा, जोडते," म्हणून त्यांनी डेपो लावून दिला. दोन्हीकडे नीट ऐकू येतंय ना, एवढं तपासूनच बोर्डावरची ऐकायची किल्ली सोडायची, असा नियम होता. तेवढ्यात त्यांच्या कानावर आलं, "जावईबापू, धीराने घ्या. अण्णा गेले." अण्णा म्हणजे वहिनींचे वडील. वहिनींनी किल्ली सोडली आणि पुढचा कॉल घेतला. पाळी संपेपर्यंत त्या जोडत राहिल्या. दादाने मात्र संध्याकाळी घरी येऊन, वाटेत जुळवून आणलेलं वाक्य ऐकवलं, "अण्णांना जरा बरं नाहीये, आपल्याला निघायला हवं." वहिनींची बॅग भरून दाराशी होती. ती बघून तरी त्याला कळायला हवं होतं. पण दादा इंजिनाचा माणूस. वहिनींना सगळं आधीच माहीत होतं आणि फोनही त्यांनीच जोडला होता, हे त्याला फार पुढे समजलं.

गेम बाजारात आला आणि परीक्षणं येऊ लागली. ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मोबाइलवरची अक्षरं वहिनींना त्रास देतात. मी जन्मभर हिशेबतपासनीस. आक्षेप वाचायची मला सवय आहे. सुरुवात बरी झाली. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीने लिहिलं की भुताच्या गोष्टीत भीतीपेक्षा कणव वाटावी, हे फार दिवसांनी घडलं. एका संकेतस्थळाने कथेला उत्तम म्हटलं, पण खेळणाऱ्याला जिने फार चढायला लावलेत, अशी तक्रार केली.

"जिने होतेच तिथे," वहिनी म्हणाल्या. "आम्ही नाही का चढलो?"

मग चष्मेवाला आला. लाल काड्यांचा मोठा चष्मा लावून गेमवर बोलणारा हा मुलगा. त्याने नावाजलेला गेम चालतो आणि नावं ठेवलेला पडतो, असं भाची म्हणते. त्याने कथेचं कौतुक केलं आणि मग तो प्रसंग लावला. "भूत पटतं," तो म्हणाला, "आवाज पटत नाही. वडील गेल्याचं ऐकून कोणती मुलगी अशी बोलेल? ऐका, थरथर नाही, श्वाससुद्धा नाही. हा आवाज मशीनचा आहे, एआयचा. माणसाच्या आवाजावर गोष्ट रचायची आणि माणूसच घ्यायचा नाही, ही फसवणूक आहे."

झालं. ज्याला त्याला तेच ऐकू यायला लागलं. गेम जिथे विकला जातो त्या पानावर गिऱ्हाइकांचा शेरा 'बहुतेकांना आवडला' होता, तो 'संमिश्र' झाला. कंपनीने खुलासा केला की आवाज खऱ्या बाईंचा आहे. लोकांनी पुरावा मागितला. भाचीने वहिनींचा कपाटात हेडफोन लावून बसलेला फोटो टाकला. खाली लोकांनी लिहिलं की फोटोही मशीनने बनवलाय, मशीनला बोटं जमत नाहीत, बाईंची नीट बघा.

वहिनींनी आपली बोटं बघितली. मग म्हणाल्या, "संधिवात आहे, त्याला मी काय करू?"

हे हसून सोडून द्यावं, असं मी म्हटलं. पण त्या दिवसापासून वहिनींचं बूड ठरेना. इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्रीला घ्यायच्या, गॅलरीत जायच्या, दार उघडून जिन्यात डोकावायच्या. दवाखान्यात वेळ घ्यायला फोन केला, तर तिथली मुलगी कोणाला तरी म्हणाली, "रेकॉर्डिंग लागलंय," आणि तिने फोन ठेवून दिला. हे आधीही कधी घडलं असेल. पण आता ते मनाला लागलं. वहिनी बोलताना मध्येच "अं", "म्हणजे", "काय ते" असं घालू लागल्या. श्वास ऐकू येईल असा घेऊ लागल्या.

"घरात कोणी दुसरीच बाई आल्यासारखं वाटतंय," दादा मला म्हणाला. "जुनी परत पाठवायला सांग."

"तुम्हाला मी कधी मशीन वाटले का हो?" वहिनींनी त्याला विचारलं.

"मशीन असतीस तर मला कळली असतीस," दादा म्हणाला.

वहिनी हसल्या नाहीत.

शेवटी मालकाने मार्ग काढला. नाटकात काम करणाऱ्या एका मुलीकडून ऑपरेटरची सगळी वाक्यं नव्याने म्हणून घेतली. आता वहिनींचा आवाज काढून तिचा टाकायचा. पण भाचीने हट्ट धरला की मामीने हो म्हटल्याशिवाय काही बदलायचं नाही. मालकाने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. रविवारी दुपारी भाची दोन्ही आवाज घेऊन दादाकडे आली. मीही गेलो होतो.

"अर्धं तिचं, अर्धं माझं नाही चालायचं?" वहिनींनी विचारलं.

"एकाच बाईचे दोन आवाज कसे करू, मामी? एक काहीतरी ठरवावं लागेल. तू नाही म्हण. मालकाकडे मी बघते. चष्मेवाला आयुष्यभर ओरडत बसू दे."

"आणि गेम पडला तर?"

भाची टीव्हीला वायर जोडत म्हणाली, "पडला तर दुसरा लिहीन."

आधी वहिनींचा आवाज लावला. पडद्यावर अंधारा बोर्ड, एक लाल दिवा. "थांबा, जोडते." पलीकडे मामांच्या जागी कोणी म्हातारा, तेच वाक्य. मग "पुढचा कॉल. बोला, कोण हवंय?" मला काही वावगं वाटलं नाही. वहिनी असंच बोलतात.

मग त्या मुलीचा आवाज लागला. तोच दिवा, तेच शब्द. पण 'थांबा' नंतर ती अडखळली. 'जोडते' म्हणताना शब्द ओला झाला, नाक ओढल्याचं ऐकू आलं. बातमी ऐकल्यावर एक बारीक हुंदका, आणि "पुढचा कॉल" म्हणताना घसा पूर्ण बसलेला. मुलगी कसबी होती, हे मान्य करायला हवं.

वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. "परत लाव," म्हणाल्या. भाचीने परत लावलं. त्यांनी पदर कमरेला खोचला, काढला. "अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून झालं तेव्हा दादा बोलला. तो एवढा वेळ वर्तमानपत्र धरून बसला होता.

"हा असा आवाज आला असता ना त्या दिवशी," तो म्हणाला, "तर हातातला पाना टाकून मी तसाच एक्स्चेंजवर आलो असतो."

"आला असतात तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या.

हे त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. 'अं' नाही, 'म्हणजे' नाही. भाची हातातल्या रिमोटकडे बघत राहिली. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. मग त्या परत आल्या.

"तिचा ठेव," त्यांनी भाचीला सांगितलं.

"मामी, नक्की? मी भांडायला तयार आहे, खरंच."

"भांडू नकोस. मुलीचे वडील गेले की मुलीचा आवाज थरथरायला हवा, एवढंच म्हणतोय ना तो मुलगा? काय चुकीचं म्हणतोय?"

मला राहवलं नाही. "वहिनी, तो तुम्हाला मशीन म्हणाला. तुमचा आवाज थरथरला नव्हता ही वस्तुस्थिती आहे. जे घडलं ते तुम्ही जसंच्या तसं म्हटलंत. आक्षेप चुकीचा असेल तर मान्य करायचा नसतो."

"भावजी, तुमच्या कागदांचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा दातओठ आवळून बसले, ते नियम होता म्हणून. ही भुताची गोष्ट आहे. मेल्यावर कसला आलाय नियम? रडू दे की तिला."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. नव्या आवाजाचा गेम आल्यावर चष्मेवाल्याने दुसरा व्हिडिओ केला, 'अखेर माणूस ऐकू आला' म्हणाला, आणि गेमच्या पानावरचं 'संमिश्र' हळूहळू पुसलं गेलं. भाचीची नोकरी टिकली, पुढच्या गेमचं काम सुरू झालं, याचा मला आनंद आहे. पण त्या दुपारी मी फार चिडलो होतो, आणि चिडायचं कोणावर ते कळत नव्हतं.

भाची वायरी गुंडाळत होती. तिने विचारलं, "मग मालकाला कळवू?"

"कळव. आणि त्या मुलीला निरोप दे. रडणं छान आहे. पण 'जोडते' म्हणताना नाक ओढायचं नाही. समोरच्याला वाटतं, लाइनमध्ये खरखर आहे, आणि तो फोन ठेवून देतो."

"सांगते," भाची म्हणाली. डोळे पुसत ती हसायला लागली.

वहिनी आतल्या खोलीत गेल्या आणि घड्या घातलेल्या चादरी मोडून पुन्हा घालायला लागल्या. ते बाहेरून दिसत होतं. दादाने वर्तमानपत्र खुर्चीवर ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून तो उठला आणि त्यांच्या मागोमाग आत गेला. चादरीचं दुसरं टोक त्याने धरलं. त्याला घडी घालता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी टीव्ही बंद केला, भाचीची पिशवी उचलली, आणि आम्ही दोघं दार ओढून घेऊन खाली उतरलो.