ठिपक्यांचा बेडूक

आमच्या ह्यांना बेडकांचं वेड. इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली, पण जीव अडकला होता दक्षिण अमेरिकेतल्या एका हिरव्या, ठिपकेवाल्या वृक्षबेडकात. तिथे जाणं काही त्यांना कधी जमलं नाही. मीना बाजारात साड्या बघतानाही मला तो कुठल्या खोऱ्यात सापडतो ते ऐकावं लागे. माझी सवतच म्हणा ना.

माणसांचंही त्यांचं तसंच. मराठी कानावर पडलं की खाडी ओलांडणाऱ्या अब्रा होडीच्या रांगेतसुद्धा आधी गाव विचारणार, बाई असली तर माहेर, आणि कुठून तरी ओळख काढणारच. त्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

विसरायला लागले ते चाव्यांपासून. पुढे शेजारी कोण, घर कुठल्या मजल्यावर, तेही जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू घरची माणसंही ओळखणार नाहीत. मी मनात म्हटलं, बाकीचे जाऊ देत, मला कसे विसरतील?

मागच्या हिवाळ्यात लेकीने आम्हाला इथल्या एका काचेच्या बंदिस्त जंगलात नेलं. पेटीत तोच बेडूक, पानाला चिकटून बसलेला. हे ताठ उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं बोलू लागले. कूळ हायलिडी, प्रजाती हायला. ॲमेझॉनचं खोरं, गयाना, खाली पार पराग्वेपर्यंत. कुठे अडखळले नाहीत. मला आनंदाने रडूच आलं. वाटलं, आले परत.

लेक पाटीवरचं नवं शास्त्रीय नाव वाचून म्हणाली, "बाबा, इट्स नॉट हायला एनीमोअर. दे मूव्ह्ड इट. इट्स बोआना नाउ."

ह्यांचा चेहरा कावराबावरा झाला. कुणी हलवला, का हलवला, असं पुटपुटत राहिले. लेकीला मी डोळ्यांनीच गप्प केलं. ह्यांचा हात धरून म्हटलं, हायलाच आहे तो, तुमचंच बरोबर.

तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. हात हळूच सोडवून घेतला आणि अदबीने विचारलं, "मराठी दिसता. माहेर कुठलं तुमचं?"

मी काय सांगणार होते? खरं तेच सांगितलं. "दापोली."

त्यांचा चेहरा खुलला. "आमच्या हिचंही दापोलीच. थांबा ना जरा, येईलच ती. तुम्हाला भेटून बरं वाटेल तिला."

बरं म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसून तिची वाट बघू लागले.