कात्रीबाईचा कच्चा मसुदा

मुलं पाठीमागे तिला 'कात्रीबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आतून आवडतही होतं. निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत ती निबंधाची शिकवणी घ्यायची. पद्धत ठरलेली. आधी पंधरा मिनिटं नुसते मुद्दे, तेही वहीच्या मागच्या पानावर. मग त्यांची उलथापालथ: सुरुवात कशाने, शेवटाला काय राखून ठेवायचं. मग एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे सुधारायला जागा राहते. लिहिलेलं दोन दिवस मिटून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी घरच्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि जीभ अडखळेल तिथे खूण करायची. शेवटी लाल पेन. "जे वाक्य कुणाच्याही निबंधात खपेल, ते तुमच्या निबंधातून हाकला," हा तिचा हुकूम.

"बाई, तुम्ही कुणाला वाचून दाखवता?" एका मुलीने विचारलं.

"भिंतीला. मध्ये मध्ये बोलत नाही बिचारी."

सगळे हसले. शिकवणी सुटली, दारातला चपलांचा ढीग नाहीसा झाला आणि भिंत तेवढी उरली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात. महिन्यातून एकदा तिचा फोन यायचा. "बरी आहेस ना? ठेवते मग." संपलं.

त्याला कारण होतं. मुलगी पहिल्यांदा वसतिगृहात राहायला गेली, तेव्हा तिने चार पानी पत्र धाडलं होतं. जेवण जात नाही, खोलीतल्या मुली बोलत नाहीत, मला घरी ने. आईने वाचलं आणि तिचे हात शिवशिवले. लाल पेनाने शुद्धलेखन दुरुस्त केलं, पाल्हाळ कापलं, खाली 'मुद्दे विस्कळीत. पुन्हा लिही.' असा शेरा मारून पत्र परत पाठवलं. पोरीला गंमत वाटेल, असं तिला वाटलं होतं. आता काय म्हणावं या बाईला! पोरीने पुन्हा कधीच पत्र लिहिलं नाही.

त्या दुपारी, बावीस वर्षांनी, ती त्या पत्राचं उत्तर लिहायला बसली. मागच्या पानावर मुद्दे काढले: वसतिगृह, माझी चूक, रिकामं घर, येशील का. एक ओळ सोडून लिहिलं, दोन दिवस मिटून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी भिंतीसमोर उभं राहून वाचलं. 'मला तुझी फार आठवण येते' इथे जीभ अडखळली. शिवाय हे वाक्य तर कुणाच्याही पत्रात खपलं असतं. मारली काट. 'चुकलं माझं' तीनदा आलं होतं, त्यातलं दोन ठिकाणचं उडवलं. पक्की प्रत झाली ती सहा ओळींची. नेटकी, मुद्देसूद, सुटीची सूचना असावी तशी. ती तिने मोठ्याने वाचली. जीभ कुठेच अडखळली नाही आणि तिला रडू फुटलं.

मग तिने पक्की प्रत फाडली. मुलांचं कच्चं लिखाण कधी हातात न घेणाऱ्या त्या बाईने स्वतःचा कच्चा मसुदा, काटाकुटीसकट, पाकिटात घातला आणि विचार बदलायच्या आत तडक टपालपेटीत टाकून आली.

अठरा दिवस काहीच आलं नाही. महिन्याचा फोनसुद्धा चुकला. नको ते पाठवून बसले, हे तिच्या मनातून जाईना. शिकवणीच्या वह्या शेरा न मारताच परत जाऊ लागल्या, त्यामुळे मुलं तर जास्तच घाबरली.

एकोणिसाव्या दिवशी पाकीट आलं. आत तिचंच पत्र होतं, परत आलेलं. त्यावर लाल शाई. झाली फिट्टंफाट, ती पुटपुटली आणि खुर्चीत बसून तिने चष्मा लावला.

शुद्धलेखनाला हात लावलेला नव्हता. काट मारलेल्या त्या एका वाक्यापाशी, समासात, लिहिलं होतं: "हे का खोडलंस, आई?" आणि अगदी खाली, ती शेरा मारायची त्या जागी: "पुन्हा लिही."

तिने कोरा कागद ओढला. या वेळी मुद्दे काढले नाहीत.