पोलादपूरच्या डावात मी केलेली खूण

माझ्या नातीबद्दल महाडमध्ये एक गोष्ट सांगितली जाते. पोलादपूरच्या पत्त्यांच्या स्पर्धेत तिने लबाडी केली, ती पकडली गेली आणि म्हणून तिला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेतली जागा सोडावी लागली, अशी. तिने जागा सोडली एवढंच त्यातलं खरं. तिला कोणी पकडलं नाही आणि लबाडी तिची नव्हती, माझी होती. मी गप्प राहिलो म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं गेलं. आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

हे पत्ते म्हणजे आपले एक्का-राजा-राणीचे नव्हेत. यात प्रत्येक खेळाडू स्वतःची पानं जमवतो, अदलाबदल करतो आणि त्यांतून स्वतःची गड्डी बांधून आणतो. पानांवर राक्षस, पक्षी, योद्धे असे हल्ला करणारे गडी असतात, आणि काही पानं युक्तीची असतात. दोघांना सुरुवातीला सारखे प्राण मिळतात. समोरच्याचे प्राण जो आधी संपवेल तो जिंकतो.

नात कॉलेजात जायला लागली तेव्हा तिने हा खेळ घरी आणला. मी आधी हसलो.

"कुठली पानं घ्यायची ते तूच ठरवणार? मग नशीब कुठं राहिलं?"

"गड्डी मी ठरवते, आजोबा. पिसल्यावर कुठलं पान कधी येईल ते थोडंच माझ्या हातात आहे?"

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टरांबरोबर डेपोच्या विश्रांतीगृहात मेंढीकोट खेळण्यात माझी सगळी नोकरी सरली असं म्हटलं तरी चालेल. मेंढीकोटात चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू, आणि दश्श्या, म्हणजे दहाची पानं, जिंकायच्या. आमच्या डेपोत भिडूला खुणा करणं हा खेळाचाच भाग होता. कानाची पाळी धरली की दश्शी माझ्याकडे आहे. नाक चोळलं की हुकूम संपला. मानेमागे हात गेला की मोठं पान राखून ठेव, पुढे धोका आहे. सगळ्यांना सगळं माहीत असायचं, पकडला गेलेल्याला चहा पाजावा लागायचा आणि शिव्या खाव्या लागायच्या. नात लहानपणापासून घरच्या मेंढीकोटात माझी भिडू. या खुणा तिला अक्षरओळख होण्याआधी आल्या.

हळूहळू मला तिचा खेळ आवडू लागला. दुपारी जेवणं झाली की आम्ही टेबलावर पानं मांडून वाद घालत बसायचो. माझी बायको म्हणायची, "अहो, ते राक्षस आधी उचला, मग मी ताक ठेवते."

नातीची गड्डी घाईची होती. छोटे, चपळ गडी पटापट मैदानात उतरवायचे आणि समोरचा सावरायच्या आत त्याचे प्राण संपवायचे. तिला सगळ्यात कठीण जायचा तो बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण. दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत तोच चटई टाकून सगळ्यांना खेळायला जागा द्यायचा. नात त्याला भाई म्हणायची. त्याची गड्डी सबुरीची. तो सुरुवातीला मार खात राहायचा, एकेक गडी अडवायचा, आणि डाव लांबला की त्याचे मोठे गडी उतरायचे. मग काही खरं नसायचं.

त्याच्याकडे एक युक्तीचं पान होतं. त्याचं छापील नाव लांबलचक, पण दुकानात सगळे त्याला केरसुणी म्हणत. ते टाकलं की मैदानातले सगळे गडी, आपले आणि समोरच्याचे, साफ. घाईच्या गड्डीला याहून मोठा धोका नाही. सगळे गडी उतरवलेले असले आणि केरसुणी पडली की हात रिकामा, मैदान रिकामं.

यावरच आमचा मुख्य वाद. मी म्हणायचो, दोन गडी नेहमी हातात राख. ती म्हणायची, "दोन गडी राखले तर माझा हल्ला तितका हलका होतो. डाव लांबतो. आणि डाव लांबला की भाईच जिंकतो. त्याच्याकडे केरसुणी एकच आहे, आजोबा. एवढ्या मोठ्या गड्डीत एकच. ती नेमकी वेळेवर येईल म्हणून मी दर वेळी भीत बसू?"

तिचं म्हणणं मला पटलं. एका पानाला भिऊन सगळी गड्डी संथ करणं हा तोटाच. "बरोबर," मी म्हणालो. "शेवटच्या घावाला सगळे उतरव." तिने ढालीची दोन पानं काढली आणि त्यांच्या जागी आणखी दोन चपळ गडी घातले. गड्डी आणखी वेगवान झाली.

पोलादपूरला हायवेलगतच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती. महाबळेश्वरहून घाट उतरून काही मुलं आली होती, खेडहूनही आली होती. जिंकणारा पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. नातीला ती जागा किती हवी होती ते मला ठाऊक होतं. पण भाईलाही ती तितकीच हवी होती. त्याचे दोन्ही भाऊ आखातात, म्हातारा बाप घरी, दुकान सोडून तो कधी कुठे गेला नव्हता. त्या आठवड्यात आम्हाला म्हणाला होता, "एकदा तरी बघायचाय, महाडच्या भायेर माझी गड्डी चालते का नाय."

शेवटचा डाव या दोघांतच आला.

बघणाऱ्यांनी टेबलाभोवती गर्दी केली. बोलायला मनाई होती, उभं राहायला नव्हती. ढकलाढकलीत मी नेमका भाईच्या पाठीमागे जाऊन पोचलो. मी मुद्दाम तिथे गेलो नाही, हे खरं आहे. पण त्याच्या हातातली पानं दिसतात हे कळल्यावर मी तिथून हललोही नाही, हेही खरं आहे.

नातीने झंझावाती सुरुवात केली. भाईचे प्राण संपत आले. मग त्याने केरसुणी टाकली, मैदान साफ केलं. लोक कुजबुजले. नातीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटका होती. एकच केरसुणी होती, ती गेली. तिने पुन्हा गडी उतरवायला सुरुवात केली. अजून एक पुरा हल्ला बसला की भाई संपणार होता. तिच्या हातात दोन गडी उरले होते. उतरवलेला गडी पुढच्या खेपेपासून हल्ला करतो; तेही उतरवले तर त्या खेपेला तो अडवूच शकत नव्हता.

तेवढ्यात भाईने पान उचललं. मला ते दिसलं. दुसरी केरसुणी.

ती कुठून आली ते मला तेव्हाच उमगलं. त्याच्या दुकानात काउंटरमागे सोनेरी कडेचा एक ड्रॅगन लावलेला असायचा. मुलं खास तो बघायला यायची. गेल्या रविवारी ती जागा रिकामी होती. आपलं सगळ्यात लाडकं पान देऊन त्याने हे साधं पान घेतलं होतं, कारण नात शेवटी सगळे गडी उतरवणार हे त्याने ओळखलं होतं. इतका अचूक विचार आम्ही दोघांनी मिळूनही केला नव्हता. ती खेप त्याने मुद्दाम साधीच खेळली, केरसुणी हातात ठेवली.

नातीची पाळी आली. तिने दोन्ही पानं उचलली. हात टेबलाच्या मध्यापर्यंत आला. तिने वर पाहिलं, आणि माझा हात मानेमागे गेला.

मी ठरवून केलं का? पुष्कळदा स्वतःला विचारलं. वर्षानुवर्षांची सवय होती, हात आपसूक गेला, असं म्हणता येईल. पण हात गेल्यावर मी तो खाली घेतला नाही. ती बघेपर्यंत तिथेच ठेवला.

तिचा हात थांबला. पानं परत हातात गेली. आधी उतरवलेल्या गड्यांचा तेवढा हल्ला झाला, भाई कसाबसा तगला. त्याने दुसरी केरसुणी टाकली. तिने राखलेले दोन गडी उतरवले, आणि पुढच्या खेपेला डाव संपला. भाईने हातातली पानं टेबलावर उलटी ठेवली. मग उठून त्याने तिच्याशी हात मिळवला. "मस्त राखलेस गो," एवढंच म्हणाला.

परतीच्या एसटीत नात खिडकीशी बसली होती. बस हायवेला लागल्यावर तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही मानेवर हात का ठेवला होता?"

"उभं राहून मान अवघडली होती."

"नक्की?"

"अगं, या वयात आणखी काय होणार?"

ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी महाड येईपर्यंत हललो नाही.

पुढच्या रविवारी मीही दुकानात गेलो होतो. भाईचा एक मित्र, पोलादपूरला माझ्या शेजारीच उभा असलेला, चटईवर बसता बसता म्हणाला, "काय आजोबा, मान बरी हाय ना आता? का अजून अवघडतेय?"

दोघे-तिघे हसले. नात ताडकन उठली.

"काय म्हणायचंय तुला? सरळ बोल."

"मी काय बोललो? मानेचं इचारलं."

"माझे आजोबा खोटं बोलत नाहीत. मी विचारलंय त्यांना. हरलात ते पचत नसेल तर तसं सांगा."

"गप रे तू," भाई मित्राला म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत, तो नुसता वाट बघत होता. मी चप्पल शोधू लागलो. नात माझा हात धरून मला बाहेर घेऊन आली आणि त्यानंतर त्या खोलीत गेली नाही. जिथे तिचे सगळे मित्र होते ती जागा तिने माझ्यासाठी सोडली, आणि मी तिला सोडू दिली.

पुण्याची तयारी ती घरीच करू लागली. मी काही ना काही कामं काढून बाहेर जाऊ लागलो. एका दुपारी तिने मला बळेच टेबलाशी बसवलं. गड्डी पुन्हा बांधायची होती.

"मी चपळ गडी कमी करणार आहे," ती म्हणाली. "राखून खेळायचं. त्या दिवशी मला कळलं होतं हो, काहीतरी येणार म्हणून. कसं ते सांगता येत नाही, पण हात आपोआप थांबला. मला ते आतून कळतं, आजोबा. आता त्याच्यावरच खेळायचं."

ती एकेक पान बाजूला काढत होती. पुण्यात शेकडो अनोळखी माणसांत, नसलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवून ती बसणार होती.

"तो हात मी थांबवला," मी म्हणालो.

"काय?"

"त्याच्या हातात दुसरी केरसुणी मला दिसली होती. मी खूण केली. मान अवघडली नव्हती."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली. नातीने सगळी पानं गोळा केली, कडा नीट जुळवल्या आणि डबीत घातली. मग म्हणाली, "चपला घाला. चला."

दुकानात गिऱ्हाईक होतं. भाई एक फोन उघडून त्याचे बारीक स्क्रू काढत होता. तो मित्रही तिथेच बसला होता.

"यांना काहीतरी सांगायचंय," नात म्हणाली आणि माझ्यापासून दूर जाऊन उभी राहिली.

मी सांगितलं. गिऱ्हाईकासमोरच सांगितलं. भाईने हातातलं काम थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्याने स्क्रू झाकणात ठेवले.

"त्या पानासाठी मी ड्रॅगन दिला होता, आजोबा."

"माहीत आहे."

"तुम्हाला तवाच माहीत होतं?"

"हो."

त्याने मान खाली घातली. मित्र काहीतरी बोलायला गेला, त्याने हातानेच त्याला थांबवलं. नातीने तिथूनच पोलादपूरच्या आयोजकाला फोन लावला. म्हणाली, शेवटचा डाव सरळ झाला नाही, जागा भाईची आहे. कारण विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "खाजगी कारण आहे." शहरातली सगळी कुजबुज त्या उत्तरातून उगवली. फोन तिच्या हातातून घेऊन मी बोलायला हवं होतं. तेही मी केलं नाही.

भाई पुण्याला गेला. पहिले काही डाव जिंकला, मग हरला. त्याची गड्डी महाडच्या भायेर चालते. नात परत दुकानात जाऊ लागली आहे. मला बोलावत नाही, आणि घरी मेंढीकोट मांडला तर माझ्यासमोर भिडू म्हणून बसत नाही. तिच्या आजीसमोर बसते.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं, कारण बदनाम झालेलं नाव तिचं आहे. तिने उभ्याउभ्याच वाचलं, दोनदा.

"एक चुकीचं आहे," ती म्हणाली. "सगळी लबाडी तुमची, असं तुम्ही लिहिलंय. मी वर बघितलं होतं, आजोबा. तुमचा हात बघितला होता. ती खूण मला कळली की नाही, ते माझं मलाच अजून सांगता येत नाही. बसमध्ये तुम्ही नाही म्हणालात, तर मला बरं वाटलं. तेही लिहा."

मी म्हणालो, ते लिहिलं तर लोक पुन्हा बोलतील.

"बोलू देत," ती म्हणाली. "पण लिहा."

म्हणून तेही लिहिलं आहे.